स्पर लावण्याआधी आणि लावल्यावर

घोडेस्वारीच्या बहुतेक शाळांमध्ये असा एक घोडा असतोच. सकाळच्या तुकडीत तो ज्याच्या वाट्याला येतो, त्याचा चेहरा उतरतो. खोगीर चढवताना, तंग आवळताना घोडा शहाण्यासारखा उभा असतो. रिंगणात गेला की रेंगाळायला लागतो. स्वार टाच मारतो, घोडा दोन पावले भरभर टाकतो आणि पुन्हा आपल्या लयीत येतो. स्वार पुन्हा टाच मारतो. अर्ध्या तासाने स्वाराला धाप लागलेली असते, घोडा मात्र कोरडा ठणठणीत. मग कोणीतरी सुचवते, ‘याला स्पर लावा, म्हणजे चालेल.’

स्पर म्हणजे बुटाच्या टाचेवर पट्ट्याने बांधायचा धातूचा लहानसा दांडा. तो लावल्यावर घोडा चालतो, हे पहिल्या दिवशी बहुधा खरे ठरते. काही दिवसांत घोडा त्यालाही सरावतो आणि मग आणखी टोकदार स्पर शोधण्यापलीकडे काही सुचत नाही. या वाटेने जायचे नसेल तर टाचेचा अर्थ घोड्याला कसा कळतो, तो अर्थ कसा पुसला जातो आणि स्परचे त्यात नेमके काम काय, हे क्रमाने समजून घ्यायला हवे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: घोडा दाबाने हलतो, पण शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी.

घोड्याला किती जाणवते

उन्हाळ्यात पागेत उभ्या असलेल्या घोड्याकडे थोडा वेळ बघा. त्याच्या कुशीवर माशी बसते आणि नेमका तेवढाच कातडीचा तुकडा थरथरतो. घोड्याच्या कातडीखाली धडाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एक पातळ स्नायू असतो, त्याचे हे काम. माशीचे वजन ते किती! तेही त्याला कळते आणि कुठे बसली तेही कळते. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कातडीच्या सर्वांत वरच्या थराची जाडी आणि त्यातले मज्जातंतूंचे प्रमाण यांत दोघांमध्ये लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. कातडी जाड असल्यामुळे घोड्याला काही लागत नाही, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

मग माशी कळणाऱ्या घोड्याला टाच का कळत नाही? त्याला ती कळते, पण तिच्यात काही निरोप आहे असे त्याला वाटेनासे झालेले असते. महामार्गालगत राहणाऱ्या माणसाला काही महिन्यांनी हॉर्न ऐकू येईनासे होतात, तसेच हे. रोज वेगवेगळे नवखे स्वार त्याच्या पाठीवर बसतात. कोणी तोल सावरण्यासाठी पाय आवळून धरतो, कोणी प्रत्येक पावलाला टाच आपटतो. घोडा पुढे गेला तरी टाच चालूच, थांबला तरी चालूच. हळू चालल्याने तिचे प्रमाण वाढत नाही आणि जोरात चालल्याने कमी होत नाही. अशा वेळी टाचेकडे दुर्लक्ष करून ताकद वाचवणे, हा घोड्याच्या बाजूने अगदी सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो. मुंबई-पुण्याच्या परिसरातल्या शाळांमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे पुष्कळ असतात. शर्यतीचा जॉकी रिकिबी आखूड करून खोगिरावर जवळजवळ उकिडवा बसतो. त्याच्या पोटऱ्या घोड्याच्या कुशीला लागतच नाहीत, म्हणून पोटरीचा दाब म्हणजे पुढे चल, हे या घोड्याला मुळात कोणी शिकवलेलेच नसते. रिंगणात तो गोंधळून उभा राहतो आणि आपण त्याला अडेलतट्टू म्हणून मोकळे होतो.

आधी तब्येत, मग स्वभाव

घोडा पुढे जात नसेल तर पहिला प्रश्न विचारायचा तो त्याला काही दुखते का, हा. वेदनेत असलेल्या घोड्याला स्पर मारणे हा अन्याय आहे, आणि त्याने काही साधतही नाही.

पाठीपासून सुरुवात करावी. खोगीर काढल्यावर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळव्याने हळूहळू दाबत मागे जावे. घोड्याची पाठ एखाद्या ठिकाणी खाली दबली, त्याने कान मागे टाकले किंवा तो चावायला वळला, तर खोगीर तिथे टोचते आहे असे धरून चालावे. मग तंगाखालची कातडी बघावी. तिथे घासल्याच्या जखमा असतील तर तंग आवळतानाच घोडा चिडतो. त्यानंतर पाय. नालबंद साधारण पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा; खूर वाढले की चाल बिघडते. दातांना धार आली असेल तर लगामाचा कडियाळ तोंडात बोचतो, मग घोडा त्यापासून पळण्यासाठी चाल आवरती घेतो. तबेल्यात बांधून ठेवलेल्या, चारा कमी आणि दाणा जास्त खाणाऱ्या कामाच्या घोड्यांत पोटातले अल्सर पुष्कळ आढळतात. असे घोडे पोटाला पाय लावला तरी दात विचकतात.

भारतात सर्रा हा आजारही लक्षात ठेवावा लागतो. रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्या त्याचे सूक्ष्म परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या वाढल्या की धोका वाढतो. ताप येतो-जातो, रक्त कमी होते, घोडा झिजत जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. सुरुवातीला बाहेरून फक्त एवढेच दिसते की घोडा आळसावला आहे. रक्त तपासल्याशिवाय त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का मारू नये. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ आणि तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. मोतद्दाराने हे दोन आकडे अधूनमधून वहीत टिपून ठेवले तर पुष्कळ गोष्टी वेळेत कळतात.

तब्येत ठीक निघाली की खुराक आणि कष्ट यांचा मेळ बघावा. ज्याला दिवसात तीन-चार तुकड्यांना न्यायचे आहे, त्याची चंदी त्या मानाने हवी. मे महिन्यातल्या दुपारी घोडा संथ होणारच. तिथे चूक वेळापत्रकाची आहे.

शेवटी स्वार. मंद घोड्याच्या पाठीवर बहुतेक वेळा ताठ हात असतात. स्वार टाचेने ‘चल’ म्हणतो आणि त्याच क्षणी तोल राखण्यासाठी लगाम ओढून ‘थांब’ म्हणतो. दोन परस्परविरोधी हुकूम एकदम मिळाले की घोडा जे सोपे तेच करतो. घोड्याने पुढे पाऊल टाकले की त्याची मान पुढे-मागे होते. हात त्या हालचालीबरोबर गेले पाहिजेत. हे जमेपर्यंत स्परचा विचारही करू नये.

टाच पुन्हा शिकवणे

आता मुख्य काम. ते स्परशिवाय करायचे असते. सोबत एक लांब छडी ठेवावी, कारण हात लगामावरून न उचलता ती पोटरीच्या मागे पोहोचते. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, नियमांत छडीची कमाल लांबी १२० सेंटीमीटर आहे. शिकवण्यासाठी तेवढी पुरते.

घोडा उभा करा. लगामात थोडी मोकळीक द्या. दोन्ही पोटऱ्या तंगाच्या लगेच मागे अलगद लावा. दाब किती? माशी ज्याला कळते त्याला जेवढा पुरावा तेवढाच. एक क्षण थांबा. घोड्याने पाऊल टाकले तर त्याच क्षणी पाय सैल सोडा. नाही टाकले तर दाब वाढवत बसू नका, टाच आपटू नका. पोटरी तशीच ठेवून तिच्या मागे छडीचा हलका ठोका द्या. तरीही नाही तर लगेच दुसरा, जरा स्पष्ट. घोडा पुढे सरकला, मग तो अगदी दुडकीत का निघेना, पोटरी आणि छडी दोन्ही तत्काळ बंद. हात पुढे जाऊ द्या, मानेवर थाप द्या.

इथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, क्रम: मऊ निरोप आधी, ठळक निरोप नंतर, दर वेळी त्याच ओळीने. काही वेळा असे झाले की घोडा मऊ निरोपावरच हलायला लागतो, कारण पुढे काय येणार हे त्याला कळलेले असते. दुसरी, वेळ: घोडा आपली कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड घालतो ती दोन्ही एकमेकांना अगदी लगटून आले तरच. पाऊल टाकल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी पाय सैल केला तर बक्षीस भलत्याच गोष्टीला मिळते. तिसरी, शांतता: घोडा चालू लागल्यावर पाय गप्प ठेवायचे. तो मंदावला तर पहिल्या पायरीपासून पुन्हा एकदा सांगायचे आणि पुन्हा गप्प. प्रत्येक पावलाला ढकलत राहणारा स्वार घोड्याला हेच शिकवतो की चालण्याची जबाबदारी स्वाराची आहे.

नव्या स्वाराला या तिसऱ्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते. पाय गप्प केले तर घोडा थांबेल, असे त्याला वाटते. थांबू द्या. तो थांबला की शिकवण्याची एक नवी संधी मिळते. एका तासात अशी पंधरा-वीस स्वच्छ उदाहरणे घोड्यापुढे ठेवता आली तर तो तास सार्थकी लागला. उभ्यावरून चाल, चालीवरून दुडकी, दुडकीवरून पुन्हा चाल, असे बदल पुष्कळ करावेत. एकाच गोलात फेऱ्या घालत राहू नये. चढाच्या मोकळ्या वाटेवर एखाद्या चपळ घोड्याच्या मागून न्यावे. रिंगणात कंटाळलेले कित्येक घोडे तिथे आपणहून पाय उचलतात.

मग स्पर कशासाठी

शिकवणीने घोडा पोटरीला उत्तर देऊ लागला, पण कधीतरी निरोप अधिक नेमका द्यायचा असतो: या क्षणी, या एका मागच्या पायाने, जरा अधिक जोर लाव. पोटरीचा स्पर्श पसरट असतो. स्परचा स्पर्श एका बिंदूवर पडतो आणि म्हणून स्पष्ट असतो. स्परची खरी उपयुक्तता या स्पष्टतेत आहे. जो घोडा पोटरीचा अर्थ जाणतो त्याच्याशी स्वार स्परमुळे हळू आवाजात बोलू शकतो. ज्याला तो अर्थच कळलेला नाही, त्याला स्पर फक्त दुखवतो. असा घोडा पोट आवळून, पाठ ताठ करून स्परविरुद्ध उभा राहतो आणि पूर्वीपेक्षाही आखूड पावले टाकतो.

स्पर फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिणाऱ्या ग्रीक झेनोफोनलाही तो माहीत होता, आणि घोड्याला बळजबरीने शिकवू नये असे बजावणाराही तोच. युरोपात आधी साध्या टोकाचे स्पर होते, नंतर मध्ययुगात फिरत्या काटेरी चक्रीचे आले. सोन्याचा मुलामा दिलेले स्पर हे तिथल्या सरदारांचे मानचिन्ह होते. ११ जुलै १३०२ रोजी आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्राइकला फ्लँडर्सच्या पायदळाने फ्रेंच घोडदळाचा पराभव केला, मैदानावरचे असे स्पर गोळा करून चर्चमध्ये टांगले आणि ती लढाई सोनेरी स्परांची लढाई म्हणूनच ओळखली जाते.

आज शिकाऊ स्वारासाठी निवड सोपी असावी. दांडा आखूड, एक-दीड सेंटीमीटरचा, टोक बोथट किंवा गोल. काही स्परांच्या टोकाला फिरणारी गुळगुळीत गोळी असते. ती कातडीवरून घरंगळते, घासत नाही. टोकदार चक्री शिकाऊ स्वाराने टाळावी. लांब पायांच्या स्वाराला थोडा लांब दांडा लागू शकतो, कारण त्याची टाच घोड्याच्या पोटाच्या फुगीर भागाखाली लोंबते आणि आखूड स्परने संपर्क साधायला तो पाय वर ओढतो. लहान पायांच्या स्वाराला आखूड दांडाही पुरतो. एफईआयच्या इव्हेंटिंगच्या (ड्रेसाज, मोकळ्या मैदानातली दौड आणि उड्या यांच्या एकत्रित स्पर्धेच्या) नियमांत दांडा ४ सेंटीमीटरपेक्षा लांब चालत नाही, टोक बोथट लागते आणि दांडा मागच्याच दिशेने वळलेला असावा लागतो.

बांधताना बुटाच्या मागे जी लहान कड असते तिच्यावर स्पर टेकवावा. दांडा किंचित खाली झुकलेला, वर रोखलेला कधीच नाही. पट्ट्याची बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूला. स्पर घसरून खाली आला तर पाय थोडा हलला तरी तो भलतीकडे लागतो, म्हणून पट्टा घट्ट हवा.

प्रत्यक्ष वापर

चालणाऱ्या घोड्यावर बसून फक्त आपल्या पायांकडे लक्ष द्या. घोड्याचे पोट दर पावलाला डावीकडे-उजवीकडे झुलते. डावा मागचा पाय हवेत पुढे येत असतो तेव्हा पोट उजवीकडे गेलेले असते आणि आपला डावा पाय आपोआप आत पडतो. याच क्षणी डाव्या बाजूने दिलेला निरोप त्या पायाला मिळतो, कारण तो पाय अजून हवेत आहे आणि आपले पाऊल लांबवू शकतो. पाय जमिनीवर टेकला, त्यावर भार आला की सांगून उपयोग नाही. घोड्याला वाटले तरी त्या घडीला काही करता येत नाही. काही दिवस डोळे मिटून ‘आता डावा, आता उजवा’ असे मनात म्हणत चालण्याचा सराव करावा. पाठीवर बसून मागचे पाय ओळखता आले की स्परची ताकद पुष्कळ कमी लागते, कारण वेळच काम करते.

निरोपाचा क्रम तोच राहतो. आधी पोटरी. उत्तर मिळाले तर स्परला कामच नाही. नाही मिळाले तर चवडा किंचित बाहेर वळवावा, टाच आत यावी आणि स्परचे टोक केसांवरून हलकेच वरच्या दिशेने घासून निघावे. आत खुपसायचे नाही, मागे लाथ मारायची नाही, रुतवून धरायचे तर अजिबात नाही. स्पर्श क्षणभराचा, आणि घोड्याने उत्तर दिले की पोटरीही सैल. तीन-चार वेळा स्परपर्यंत जावे लागले तर घोड्याची शिकवणी कच्ची राहिली आहे असे समजावे, स्पर काढावेत आणि छडीच्या धड्याकडे परत जावे.

पहिल्यांदा स्पर लागल्यावर काही घोडे अनपेक्षित उडी घेतात. त्या क्षणी हात पुढे गेलेच पाहिजेत. घोडा पुढे धावला आणि आपण घाबरून लगाम खेचला, तर त्याने दिलेल्या बरोबर उत्तराला आपण शिक्षा केली. पुढच्या वेळी तो तसे उत्तर देणार नाही. म्हणून ज्याची मांड पक्की नाही त्याने स्पर लावूच नयेत. पक्क्या मांडीची एक साधी परीक्षा आहे: रिकिबी काढून दुडकीत एक फेरी घ्यावी. पाय आवळले न जाता, हात न डगमगता ती पूर्ण झाली आणि चवडे पुढेच राहिले तर स्परचा विचार करता येतो. चवडे बाहेर फाकवून बसणाऱ्याचा स्पर त्याला नकळत दर पावलाला टोचत राहतो. माथेरानला किंवा महाबळेश्वरला तासभर घोड्यावर बसणाऱ्या पर्यटकालाही हेच लागू आहे. तिथला घोडा घोडेवाल्याच्या आवाजावर आणि हातावर चालतो. आपण टाचा आपटून त्यात फक्त गोंधळ घालतो.

चुकते आहे हे कसे ओळखावे

घोडा सांगत असतो. स्पर लागताच शेपूट सपकन फिरली, कान मागे पडले, मागचा पाय पोटाकडे उचलला गेला, किंवा चाल वाढण्याऐवजी आखडली, तर निरोप जास्त जोराचा किंवा चुकीच्या वेळी गेला आहे. फेरी संपल्यावर खोगीर उतरवून दोन्ही कुशींवरून बोटे फिरवावीत. केस उलटे झालेले, घासून विरळ झालेले, कातडी गरम किंवा फुगलेली लागली तर पुढचे काही दिवस स्पर खुंटीला टांगावेत. खरारा करणाऱ्या मोतद्दाराला हे सर्वांत आधी दिसते. त्याला विचारण्याची पद्धत पाडावी आणि त्याचे ऐकावे. ड्रेसाजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घोड्याच्या अंगावर ताजे रक्त आढळले तर स्वार-घोड्याची जोडी बाद होते. घरच्या रिंगणात पंच नसतो, म्हणून तिथे हा नियम आपण स्वतःला लावायचा.

बरोबर वापर कसा दिसतो, हेही बघून ठेवावे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले, अश्वक्रीडेतले ४१ वर्षांनंतरचे पहिले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. अशा पातळीवरच्या स्वाराचे चित्रण मिळाले तर घोड्याऐवजी स्वाराच्या पोटरीवर नजर ठेवून बघावे. घोडा तिरका चालतो, जागच्या जागी पावले उचलतो, लगेच लांब दुडकीत जातो, आणि स्वाराचा पाय जेमतेम हललेला दिसतो. एवढी शांतता वर्षानुवर्षे निरोप मऊ ठेवून आणि वेळेवर सोडून देऊन येते.

शाळेतल्या त्या मंद घोड्याकडून आपली अपेक्षा यापेक्षा पुष्कळ लहान आहे. पोटरी लावल्यावर पुढच्या पावलाला तो पुढे निघावा आणि पाय गप्प ठेवल्यावर ती चाल त्याने आपणहून टिकवावी, एवढेच. हे जमते की नाही याची परीक्षा दर काही दिवसांनी स्पर काढून घ्यावी. स्परशिवाय घोडा तितकाच हलका चालला तर शिकवणी बरोबर झाली आहे, आणि स्पर परत लावायचे की नाहीत हा सोयीचा प्रश्न उरतो. स्पर काढताच तो पुन्हा रेंगाळू लागला, तर सुधारणा फक्त स्परच्या धाकाची होती. मग आपल्याला पहिल्या धड्याकडेच जायचे आहे: उभा घोडा, मोकळा लगाम, अलगद पोटरी, आणि त्याने पाऊल उचलताच सुटलेला दाब.